इंजिनावरचा पापुद्रा

आमच्या घरी वडिलांची एक मोटारसायकल आहे. १९८९ साली त्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून ती घेतली. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते फडकं घेऊन गाडीपाशी बसत. आम्ही रत्नागिरीचे, समुद्र हाकेच्या अंतरावर; हवेत मीठच मीठ. तरी त्यांच्या हातात गाडीचं इंजिन आरशासारखं राहिलं. ते गेले, गाडी माझ्याकडे आली आणि दोन पावसाळे पडवीत ताडपत्रीखाली पडून राहिली.

ताडपत्री काढली तेव्हा इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या कव्हरांवर पिवळट पापुद्रे सुटले होते. त्यांच्याखाली पांढऱ्या, नागमोडी रेघा होत्या, वाळवीने लाकडावर काढाव्यात तशा. अनेक जुन्या मोटारसायकलींवर हे दिसतं आणि गाडीचा मालक सहसा एकच करतो. सुटलेला भाग खरवडतो आणि वरून लॅकरचा फवारा मारतो. रोग म्हशीला आणि औषध पखालीला!

हा रोग समजून घेऊ. ही कव्हरं ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. ॲल्युमिनियम उघडं पडलं की क्षणात त्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर येतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. पण पॉलिश केलेला धातू हळूहळू मंद पडतो. दुकानातली चमक टिकावी म्हणून कारखान्यात त्यावर पारदर्शक लॅकर चढवतात. पुढे एखादा खडा उडतो, स्क्रू सोडताना पान्हा घसरतो, लॅकरला बारीकशी चीर पडते. तिथून खारट ओल आत शिरते आणि लॅकरच्या आडोशाला राहून धातू खात पुढे सरकते. त्याच त्या नागमोडी रेघा. म्हणजे जे धातूला जपण्यासाठी लावलं, तेच ओल धरून ठेवतं. पापुद्रा नंतर सुटतो. रोग आधीच पसरलेला असतो. म्हणून अर्धवट खरवडून उपयोग नाही, जुनं लॅकर सगळं काढावं लागतं.

ते काढताना मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, कारण मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो असं कुणीतरी सांगितलं. मी उजवं कव्हर त्या पाण्यात बुडवलं आणि जेवायला गेलो. परत येऊन पाहतो तो बादली उकळत असल्यासारखी फसफसते आहे! ॲल्युमिनियम आणि सोडियम हायड्रॉक्साइड एकत्र आले की हायड्रोजन वायू सुटतो, हे समीकरण मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो. कव्हर काळं पडलं, त्याला खड्डे पडले, त्यावरची उठावाची अक्षरं विरघळून गेली. मिस्त्रीने ते हातात घेऊन पाहिलं. म्हणाला, "सर, साल काढायची होती. तुम्ही गाभाच खाल्लात."

डावं कव्हर मग त्याच्या सल्ल्याने केलं. आधी ऑइल काढून कव्हर सोडवलं. स्क्रू लहानमोठ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हराचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवला. कव्हर इंजिनावरच ठेवून घासू नये. घासलेली पूड आत गेली तर ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खाते. बसवताना गॅस्केट नवं घातलं.

लॅकरसाठी रंगाच्या दुकानातला पेंट रिमूव्हर आणला, पण ॲल्युमिनियमला चालतो हे डब्यावर वाचूनच. जाड थर लावून वर प्लास्टिकचा कागद झाकला. लॅकर फुगल्यावर लाकडी पट्टीने ओढून काढलं आणि कव्हर भरपूर पाण्याने धुतलं. हे काम अंगणातच, हातमोजे आणि चष्मा घालून करावं. काही रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असतं. बंद न्हाणीघरात त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत.

पुढचं काम चिकाटीचं. रेघा होत्या तिथे ४०० नंबरचा वॉटर पेपर, मग ६००, ८००, १००० आणि १५००. प्रत्येक वेळी घासण्याची दिशा बदलायची, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते दिसतं. भांड्यांची तारेची घासणी वापरू नये. लोखंडाचे कण धातूत रुततात आणि गंजतात. फार खोलवरही घासू नये, कारण ओतीव धातूच्या वरच्या घट्ट थराखाली बारीक छिद्रं असतात. शेवटी धातूचं पॉलिश आणि सुती फडकं. काही कव्हरं मुळात चंदेरी रंगाने रंगवलेली असतात. ती चमकवायच्या फंदात पडू नये, पुन्हा रंगवावीत.

आता पुन्हा लॅकर मारायचं का? इथे एक गंमत आहे. पृष्ठभाग जितका गुळगुळीत, तितकी लॅकरची पकड कमी. कारखान्यात त्यासाठी धातूवर आधी रासायनिक प्रक्रिया करतात. ती घरी होत नाही. आरशासारख्या कव्हरावर घरी मारलेलं लॅकर म्हणूनच लवकर सुटतं. लॅकर हवंच असेल तर ६०० नंबरवर थांबावं, थोडी मंद चमक पत्करावी आणि उष्णता सोसणारं लॅकर रंगाच्या कारागिराकडून मारून घ्यावं. दोन भाग मिसळून करायच्या लॅकरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा जडू शकतो. साधं फडकं नाकाला बांधून ते काम होत नाही.

मी डावं कव्हर उघडंच ठेवलं. महिन्याला मेणाचं पॉलिश लावतो, समुद्रावरून आलो की गोड्या पाण्याने धुतो. उघड्या धातूला रोज थोडं बघावं लागतं, पण त्याचं दुखणं लपत नाही. उजवं कव्हर जुन्या बाजारातून आणून बसवलं आहे. ते कुणा दुसऱ्याच्या गाडीचं. डावं मात्र वडिलांच्या हातचं आहे, आणि रविवारी सकाळी चहा झाला की फडकं घेऊन मी आधी त्याच बाजूला बसतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)