पायाखाली काय अंथरलंय, पाहिलंत का?

दिवाळीच्या आधी घर झाडून झालं, पडदे धुऊन झाले, पितळेची भांडी चिंचेनं लखलखीत झाली, की आपली नजर जाते ती दारातल्या गाडीकडे. तीही आता घरचीच ना! मग तिला काहीतरी नवं नको का? गेल्या दिवाळीत आमच्याकडेही असंच झालं. "गाडीत चांगल्या मॅट्स घालू या," हे वाक्य माझंच. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यानं घडलं, आणि तेच तुम्हाला सांगायला आज बसले आहे.

सांगलीतल्या एका दुकानात गेलो. गाडीचं सामान विकणारी अशी दुकानं आता प्रत्येक गावात असतात: सीट कव्हरं, सुगंधी डब्या, देवाच्या मूर्ती, सगळं लटकलेलं. दुकानदारानं जाडजूड, चामड्यासारख्या दिसणाऱ्या, चौकटीच्या शिलाईच्या मॅट्स काढल्या. "वहिनी, सेव्हन डी आहे, तुमच्याच गाडीच्या मापाची. पाय ठेवला की गादीवर ठेवल्यासारखा वाटेल." रंगही सीटला जुळणारा. साडेचार हजार सांगितले, घासाघीस करून दोनशे कमी झाले. दुकानातल्या पोरानं पाच मिनिटांत मॅट्स बसवूनही दिल्या. बिल? एका चिठ्ठीवर "मॅट ४३००" एवढं लिहून दिलं. मीही ती चिठ्ठी पर्समध्ये कोंबली. पैसे मोबाइलवरून दिले होते, एवढंच नशीब.

दिवाळी झाली. आठ-दहा दिवसांनी सासूबाईंना डोळे दाखवायला मिरजेला घेऊन निघाले. मी गाडी शिकले ती बेचाळिसाव्या वर्षी, त्यामुळे अजूनही जपूनच चालवते. विश्रामबागच्या पुढे एका रिकाम्या टेम्पोला ओलांडायला म्हणून अ‍ॅक्सिलरेटर जरा जोरात दाबला. टेम्पो मागे पडला. मी पाय उचलला. पण गाडीचा वेग काही कमी होईना! पाय वर, आणि गाडी पुढेच. समोर उसाची ट्रॉली, मागे लाल फडका लावलेली. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हळू चालव की!" माझ्या तोंडातून शब्द फुटेना.

शिकवणाऱ्या मास्तरांचं एक वाक्य तेवढं आठवलं: काही सुचलं नाही तर क्लच आणि ब्रेक, दोन्ही दाबायचे, आणि दाबूनच धरायचे. तसं केलं. इंजिन पिसाळल्यासारखं ओरडत होतं, पण गाडी थांबली. ट्रॉलीच्या बाहेर आलेला ऊस काचेपासून हातभर अंतरावर होता. किल्ली फिरवून गाडी बंद केली आणि खाली पाहिलं. त्या सुंदर मॅटची पुढची कड वर उचलली गेली होती, आणि अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल तिच्यात अडकून बसलं होतं.

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. काही बोलल्या नाहीत. मिरजेला आम्ही त्या दिवशी रिक्षानं गेलो.

आमच्या नेहमीच्या गॅरेजवाल्यानं मॅट उचलून मला समजावून सांगितलं. ते ऐका, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. गाडीबरोबर जी मॅट येते, तिला मागच्या बाजूला भोकं असतात आणि ती गाडीच्या तळाशी असलेल्या हुकांत अडकवायची असते. म्हणजे टाचेच्या रेट्यानं मॅट पुढे सरकत नाही. आमच्या नव्या मॅटला भोकंच नव्हती. शिवाय त्या पोरानं जुनी मॅट न काढता तिच्यावरच नवी अंथरली होती. एकावर एक दोन थर, त्यामुळे मॅटची उंची वाढली आणि पॅडलखालची जागा कमी झाली. आणि मापही आमच्या गाडीचं नव्हतंच. कुठल्यातरी मोठ्या गाडीची मॅट होती, पुढची कड पॅडलखाली दुमडून बसवलेली.

मॅट घेऊन मी दुकानात गेले. पहिल्या दिवशी, "शेठ जेवायला गेलेत." दुसऱ्या दिवशी शेठ होते, त्यांनी मॅटचा फोटो काढला. "कंपनीला पाठवतो, चार दिवसांनी या." खोक्यावरच्या नंबरला मीही फोन लावला. पंधरा मिनिटं संगीत ऐकलं, मग एका मुलीनं "तुमची तक्रार नोंदवली आहे" म्हणून फोन ठेवला. चार दिवसांनी गेले, तर शेठ हसून म्हणाले, "वहिनी, मॅटमध्ये काही दोष नाही. तुम्ही नव्या शिकलेल्या, पाय जरा हलका ठेवत जा." आणि बोट दाखवलं ते भिंतीवरच्या पाटीकडे: एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

रागानं डोळ्यांत पाणी आलं. पायरी उतरत होते तेवढ्यात मॅट्स बसवणारं ते पोरगं मागून आलं आणि हळूच म्हणालं, "काकू, तुमच्या आधी दोघांनी हेच सांगितलं होतं. त्यांनाही शेठ असंच बोलले."

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं, तर ह्यांचं म्हणणं, "चार हजारांसाठी कशाला बाजारात शोभा? जाऊ दे ना." मलाही क्षणभर तसंच वाटलं. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं ना, की सारखी कटकट करू नये! पण त्या पोराचं वाक्य मनातून जाईना. त्यातच भाच्यानं मला अमेरिकेतली एक हकिगत सांगितली.

२८ ऑगस्ट २००९ रोजी कॅलिफोर्निया राज्यात, सॅन दिएगो शहराजवळ, महामार्ग पोलिसांतला एक अधिकारी सुट्टीच्या वेळी कुटुंबासह गाडीतून चालला होता. स्वतःची गाडी दुरुस्तीला दिली होती, म्हणून विक्रेत्यानं तात्पुरती दुसरी गाडी दिलेली. टोयोटा कंपनीचीच ती लेक्सस. तिच्यात रबरी मॅट घातली होती ती दुसऱ्या, मोठ्या गाडीची. पॅडल तिच्यात अडकलं. गाडी काही केल्या थांबेना. तो अधिकारी, त्याची पत्नी, मुलगी आणि मेहुणा, चौघंही गेले. आणि मैत्रिणींनो, चौकशीत काय निघालं? त्याच्या काही दिवस आधी तीच गाडी दुसऱ्या एका गिऱ्हाइकानं नेली होती. त्याचंही पॅडल मॅटमध्ये अडकलं होतं. गाडी परत देताना त्यानं ते तिथं बसलेल्या बाईंना सांगितलंही होतं. सांगितलं, पण मॅट तशीच राहिली.

त्यानंतर सप्टेंबर २००९ मध्ये टोयोटानं अमेरिकेतल्या सुमारे ३८ लाख गाड्यांच्या मालकांना चालकाच्या पायाखालची मॅट आधी काढून टाका असं कळवलं. पुढे २०१४ मध्ये, ग्राहकांना गाड्यांच्या सुरक्षिततेबाबत दिशाभूल करणारी माहिती दिल्याबद्दल, कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले.

हे ऐकलं आणि ठरवलं: आपण गप्प बसायचं नाही. प्रश्न आता चार हजारांचा नव्हता. माझ्यानंतर त्या दुकानात जाणाऱ्या चौथ्या बाईचा होता.

१९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. पैसे पडत नाहीत. तिथं तक्रार नोंदवून घेतली. मग दुकानदाराला साध्या मराठीत पत्र लिहिलं: अमुक तारखेला मॅट घेतली, पैसे दिल्याचा पुरावा हा, असं असं घडलं, गॅरेजवाल्याचं म्हणणं हे, पंधरा दिवसांत पैसे परत करावेत, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत फोटो जोडले आणि स्पीड पोस्टानं पाठवलं. शेवटी एक ओळ मुद्दाम घातली: ह्याआधीही अशा तक्रारी आपल्याकडे आल्याचं मला समजलं आहे. पोराचं नाव मात्र कुठंही येऊ दिलं नाही.

बाराव्या दिवशी शेठचा फोन. "वहिनी, एवढं कशाला? येऊन पैसे घेऊन जा." गेले. पूर्ण ४३०० मिळाले. आणखी एक गोष्ट मागितली, की ते माप त्या गाडीसाठी पुन्हा विकू नका. शेठ मान हलवत "बरं" म्हणाले. ते खरं की तोंडदेखलं, देव जाणे. पण परवा तिथून जाताना पाहिलं, ते पोरगं एका गाडीत वाकून आधी जुनी मॅट बाहेर काढत होतं.

आता तुमच्यासाठी काही गोष्टी. कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा हवं तर.

मॅट घेताना

१. गाडीचं नाव, मॉडेल आणि वर्ष सांगूनच मॅट मागा. "सगळ्यांना बसते" अशी मॅट चालकाच्या पायाखाली नको.

२. मॅटला हुकांची भोकं हवीत, आणि ती तुमच्या गाडीच्या हुकांत बसायला हवीत. अडकवल्यावर हातानं पुढे ओढून पाहा. सरकता कामा नये.

३. जुनी मॅट काढल्याशिवाय नवी घालू देऊ नका. एकावर एक कधीही नको. घरातला गालिच्याचा तुकडा किंवा पायपुसणं तर नकोच नको.

४. इंजिन बंद ठेवून तिन्ही पॅडल्स पूर्ण खालपर्यंत दाबून पाहा. कुठंही कड लागत नाही ना? सोडल्यावर लगेच वर येतात ना?

५. गाडी धुऊन आली की पुन्हा पाहा. धुणारा मुलगा मॅट नुसती टाकून देतो, हुकात अडकवत नाही.

६. जाड मॅटखाली पावसाळ्यात पाणी साचतं. त्यानं कुबट वास येतो आणि तळाचा पत्रा गंजतो. आठवड्यातून एकदा मॅट उचलून वाळवा. चमक येण्यासाठी तेलकट पॉलिश लावू नका, टाच घसरते.

पॅडल अडकलंच तर

हात खाली घालून मॅट ओढायला जाऊ नका. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरा, सोड-दाब करू नका. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा. इंजिन ओरडेल, ओरडू दे. गाडी कडेला थांबल्यावरच किल्ली बंद करा. चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढली तर स्टिअरिंग अडकतं.

दुकानदार ऐकत नसेल तर

पक्कं बिल मागून घ्या. बिल न देणं आणि सदोष माल परत घ्यायला नकार देणं, ह्या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरवल्या आहेत. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत पैसे परत करायला हवेत. म्हणजे सदोष मालापुढे त्या भिंतीवरच्या पाटीला काही अर्थ नाही. घरबसल्या मोबाइलवरून मागवलेली वस्तू असेल, तर विकणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावायचा असतो. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही नाही. मुदत दोन वर्षांची. तोवर चिठ्ठ्या, फोटो, खोकं, काही टाकू नका.

आमच्या गाडीत आता कंपनीची जुनी काळी मॅटच आहे, हुकात अडकवलेली. सीटला रंग जुळत नाही. परवा पुन्हा सासूबाईंना घेऊन मिरजेला निघाले, तर बसण्याआधी त्या खाली वाकून पाहू लागल्या. म्हटलं, "काय शोधताय?"

"काही नाही गं," म्हणाल्या, "हूक लावलाय का ते बघत होते."