चार पंखे आणि एक उदबत्ती

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. स्थळ नागपूर, होस्टेलचा सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर तापलेली गच्ची. थर्ड इयरचा मिनी प्रोजेक्ट चालू होता. विषय काय, तर बाईकच्या इंजिनावरच्या फिन्समधून हवा कशी वाहते आणि इंजिन किती थंड होतं, याचं सिम्युलेशन. आणि ज्या कॉम्प्युटरवर हे सगळं चाललं होतं, तो स्वतःच तापून गळपटला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

कॉम्प्युटर माझा नव्हता, रूम पार्टनरचा होता. त्याच्या आईला भिशी लागली तेव्हा तिने तो घेऊन दिलेला. माझ्या लॅपटॉपला हे काम झेपत नव्हतं म्हणून मी हात जोडले. पार्टनर मोठ्या मनाचा. एवढंच म्हणाला, "वापर बे, पन जाळू नको म्हणजे झालं." रिव्ह्यू आठ दिवसांवर आलेला. आणि जे गणित रात्री सुरू केलं की सकाळी चहाच्या वेळेला हातात यायचं, ते आता दुपारचं जेवण झालं तरी संपत नव्हतं.

कारण शोधायला फार डोकं लागलं नाही. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर ९० अंश सेल्सिअसला जाऊन टेकला होता. आजकालचे प्रोसेसर तसे शहाणे असतात. मर्यादा आली की जळून जायच्या आधी ते स्वतःचा वेग कमी करतात. चार गिगाहर्ट्झच्या वर पळणारा आमचा गडी तीनच्या आसपास रांगत होता. म्हणजे मशीन बंद पडत नाही, तक्रार करत नाही, गुपचूप कामचुकारपणा करतं. (काही ओळखीचे चेहरे आठवले असतील तर तो योगायोग समजावा.)

आता मेकॅनिकलवाल्याला गरम वस्तू दिसली की एकच सुचतं, पंखा लावा. कॅबिनेटला मागे एकच पंखा होता. मी आणखी तीन आणले. दोन पुढे लावले, एक वरती छतावर. वरती दोन जागा होत्या, त्यातल्या पुढच्या जागेत लावला, कारण वायर तिथपर्यंतच पोचत होती. बटन दाबलं आणि पार्टनर उठून बसला. "पंखे लावले का हेलिकॉप्टर आनलं बे?"

अर्ध्या तासाने तापमान बघितलं. ९०. वेग तोच. आवाज मात्र चौपट. खिसा रिकामा झाला तो वेगळाच.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, म्हणजे वही काढली. सॉकेटला लावायचा वॅटमीटर इलेक्ट्रिकलच्या मित्राकडून आणला. सिम्युलेशन चालू असताना मशीन १५० वॅटच्या आसपास घेत होतं. कॉम्प्युटर वजन उचलत नाही की पाणी चढवत नाही, त्यामुळे आत गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. ती हवेने बाहेर न्यायची. सूत्र फर्स्ट इयरचंच: उष्णता म्हणजे हवेचा वस्तुमान-प्रवाह, गुणिले विशिष्ट उष्मा, गुणिले तापमानातली वाढ. आतून बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा १० अंश गरम चालेल असं धरलं, तर १५० वॅटसाठी मिनिटाला साधारण २६ घनफूट हवा लागते. पंख्यांच्या भाषेत २६ सीएफएम. आणि माझ्या एकेका पंख्याच्या बॉक्सवर छापलं होतं ५० सीएफएम! म्हणजे हिशोबाने एक पंखासुद्धा डुलक्या घेत हे काम करायला हवा होता, आणि इथे चार जण ओरडत होते.

मित्रांनो, इथेच मेख आहे. बॉक्सवरचा आकडा असतो उघड्या हवेतला, म्हणजे पुढेमागे काहीच अडथळा नसतानाचा. पंपाच्या प्रॅक्टिकलमध्ये व्हॉल्व्ह बंद करत गेलं की हेड वाढत जातं आणि डिस्चार्ज कमी होत जातो, ते आठवतंय? (जर्नल दुसऱ्याचं उतरवलं असेल तर नसेल आठवत.) पंखा म्हणजे तेच. पंख्याची कर्व्ह आणि कॅबिनेटच्या अडथळ्याची कर्व्ह जिथे एकमेकींना छेदतात, तेवढीच हवा तुम्हाला मिळते. आमच्या कॅबिनेटला पुढे चकचकीत काच होती. हवा यायला काचेच्या दोन्ही कडांना बोटभरही रुंद नसलेल्या फटी. म्हणजे व्हॉल्व्ह जवळपास बंद.

पण तेवढ्यानेही सगळा हिशोब लागत नव्हता. हवा दिसत नाही हा खरा वैताग. मग देवाच्या फोटोपुढची उदबत्ती उचलली. सिम्युलेशनमध्ये आम्ही हवेच्या रंगीत रेषा काढत होतो, इथे खऱ्याच काढू म्हटलं. उदबत्ती पुढच्या फटीजवळ धरली. खालच्या पंख्यापाशी धूर आत गेला. वरच्या पंख्यापाशी नेली तर धूर तोंडावर आला! दोन पंख्यांपैकी एक मी उलटा लावला होता. खालचा हवा आत घेत होता, वरचा तीच हवा काचेच्या मागे परत ढकलत होता आणि खालचा ती पुन्हा ओढत होता. सर्किटमध्ये शॉर्ट होतो तसा हवेचा शॉर्ट. उरलीसुरली ताजी हवा छतावरचा पंखा प्रोसेसरपर्यंत पोचायच्या आधीच वर खेचून घेत होता. गरम भागाला कुणी विचारतच नव्हतं.

ही चूक टाळणं अगदी सोपं आहे. पंख्याच्या ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. ज्या बाजूने पाती मोकळी दिसतात तिथून ती आत येते. काही पंख्यांच्या चौकटीवर बाणही असतो. आणि शंका आली तर उदबत्ती आहेच. फक्त ती कॅबिनेटच्या बाहेरच धरा. राख मदरबोर्डवर पडली तर खरीच आरती होईल.

मग रात्री जेवणानंतर सगळं परत खोललं. उलटा पंखा सुलटा केला. छतावरचा काढून मागच्या जागेत नेला, प्रोसेसरच्या डोक्यावर. त्यासाठी एक्स्टेंशन वायर आणावी लागली. मध्ये लोंबणारे वायरींचे झुबके मदरबोर्डच्या मागे बांधून टाकले. आणि पुढची काच काढून ठेवली. इथे पार्टनर थोडा हळहळला, कारण काचेमागचे रंगीत दिवे त्याला फार आवडायचे. काचेच्या जागी जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणून लावला. आता दोन पंखे पुढून आत घेणारे, एक मागून आणि एक वरून बाहेर टाकणारा. वाट सरळ झाली: पुढून आत, गरम भागांवरून, मागून आणि वरून बाहेर.

परत तेच सिम्युलेशन लावलं, खोलीत तेच ३६ अंश. तासाभराने प्रोसेसर ७६ वर स्थिर होता आणि पूर्ण वेगाने पळत होता. पंखे तेवढेच, चार. बदलली ती फक्त हवेची वाट.

तुम्ही म्हणाल, गरम हवा वर जाते हे शाळेत शिकलोय, मग एवढा खटाटोप कशाला, वरती भोकं पाडली की झालं. मलाही तसंच वाटायचं. म्हणून तेही मांडून बघितलं. अर्धा मीटर उंच कॅबिनेट आणि आतली हवा १० अंश जास्त गरम, एवढ्यावर मिळणारा दाब भरतो जेमतेम ०.२ पास्कल. साधा १२० मिलिमीटरचा पंखा १० ते २० पास्कल दाब सहज देतो. म्हणजे पंखा जिकडे म्हणेल तिकडे हवा जाणार, गरम हवेच्या इच्छेला तिथे फारशी किंमत नाही. तरी वरून बाहेर टाकणं सोयीचं, कारण प्रोसेसर कॅबिनेटच्या वरच्या भागातच असतो.

आवाजाचंही सांगतो, कारण होस्टेलमध्ये भांडणं त्यावरूनच होतात. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, पण लागणारी शक्ती आठवा हिस्सा होते आणि आवाज तर भलताच उतरतो. म्हणून दोन पंखे हळू फिरवणं एक जोरात फिरवण्यापेक्षा बरं. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ६० अंशांपर्यंत पंखे संथ ठेवले आणि मग हळूहळू चढवले. पार्टनर झोपू लागला.

आत घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा किंचित जोरात ठेवायचे, ही आणखी एक युक्ती. मग कॅबिनेटमध्ये दाब थोडा जास्त राहतो, फटीफटीतून हवा बाहेरच पडते आणि धूळ फक्त जाळीवर अडकते. उलट केलं तर प्रत्येक भोकातून धूळ आत ओढली जाते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यातली धूळ काय असते ते वेगळं सांगायला नको.

काही जण कॅबिनेटचं दार उघडं ठेवून समोर टेबल फॅन लावतात. खोटं कशाला बोलू, तापमान उतरतं. आमच्या शेजारच्या रूमवाल्याने केलं होतं. पण धूळ साठली, आणि एके दिवशी आत पाल निघाली. त्यानंतर तो आठवडाभर दुसऱ्याच्याच लॅपटॉपवर काम करत होता.

मात्र एक गोष्ट पक्की. कितीही पंखे लावा, खोलीपेक्षा थंड काही होणार नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की खोलीचं तापमान हाच तुमचा पाया. त्यामुळे तापमान मोजताना खोलीपेक्षा किती जास्त, ते लिहा. नाहीतर जानेवारीतल्या आकड्याशी मे महिन्यातला आकडा ताडून उगाच पंखे विकत घ्याल. कूलर लावलात तर खोलीच थंड होते, उत्तम. फक्त त्याचा ओला झोत थेट कॅबिनेटवर सोडू नका. आणि कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका, मागे वीतभर जागा सोडा. खालच्या पॉवर सप्लायचा पंखा बहुतेक वेळा जमिनीकडूनच हवा घेतो, तेव्हा ते गादीवर तर अजिबात नको.

रिव्ह्यू झाला. सरांनी फिन्सबद्दल दोन प्रश्न विचारले, कॉम्प्युटरबद्दल एकही नाही. मच्छरदाणीचा तुकडा अजून तिथेच आहे. दर दुसऱ्या रविवारी तो धुवावा लागतो. पार्टनरने नियम केलाय, ज्याने पंखा उलटा लावला त्यानेच धुवायचा.