डिझेल वाहनांचे रेट्रोफिट

डिझेल वाहनांचे रेट्रोफिट म्हणजे आधीपासून वापरात असलेल्या डिझेल वाहनावर, त्याचे मूळ इंजिन कायम ठेवून, धुरातील प्रदूषके कमी करणारी उपकरणे नव्याने बसविणे होय. यासाठी मराठीत 'पुनर्सज्जीकरण' हा शब्दही वापरला जातो. बस, मालवाहू ट्रक, कचरागाड्या, बांधकामाची यंत्रे अशा मोठ्या ताफ्यांसाठी ही पद्धत मुख्यत्वे अवलंबिली जाते. इंजिन बदलणे किंवा वाहन वायुइंधनावर अथवा विजेवर रूपांतरित करणे यांचाही व्यापक अर्थाने रेट्रोफिटमध्ये समावेश होतो.

पार्श्वभूमी

डिझेल इंजिन टिकाऊ असते, आणि नेमका हाच गुण पर्यावरणाच्या दृष्टीने अडचणीचा ठरतो. उत्सर्जनाची नवी मानके केवळ नव्या वाहनांना लागू होतात. जुना ट्रक मात्र पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर धावत राहतो. त्यामुळे मानके कडक झाल्यानंतरही शहराची हवा सुधारण्यास दीर्घ काळ लागतो. हा काळ कमी करणे हा रेट्रोफिटचा हेतू आहे.

डिझेलच्या धुरातील दोन घटक विशेष चिंतेचे मानले जातात. पहिला म्हणजे काजळीचे अतिसूक्ष्म कण. ते फुप्फुसात खोलवर पोहोचतात. दुसरा म्हणजे नायट्रोजनची ऑक्साइडे. ती श्वसनमार्गाला त्रासदायक असतात आणि ओझोनच्या निर्मितीस कारणीभूत होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश मानवात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात केला. या धुराचा सर्वाधिक उपद्रव आगारातील कामगार, चालक, वाहक आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांना होतो.

उपकरणे व त्यांचे कार्य

सर्वांत साधे उपकरण म्हणजे ऑक्सिडेशन उत्प्रेरक. सायलेन्सरच्या जागी बसणाऱ्या या डब्यात प्लॅटिनमसारख्या धातूचा लेप दिलेली जाळीदार रचना असते. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि काजळीला चिकटलेले तेलकट अंश यांचे तेथे ज्वलन होते. देखभाल फारशी लागत नाही. परंतु काजळीचा कोरडा, काळा गाभा त्यातून जवळजवळ तसाच बाहेर पडतो. त्यामुळे कणांच्या एकूण वस्तुमानात होणारी घट सामान्यतः २० ते ४० टक्क्यांपुरती मर्यादित राहते.

काजळी खऱ्या अर्थाने अडविणारे उपकरण म्हणजे कण-गाळणी (डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर). कॉर्डिएराइट किंवा सिलिकॉन कार्बाइड या सिरॅमिक पदार्थांपासून बनविलेल्या या ठोकळ्यात मधाच्या पोळ्यासारख्या असंख्य अरुंद नलिका असतात. प्रत्येक नलिका एका टोकाला बंद असते आणि शेजारची विरुद्ध टोकाला. त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतींतून पार जाण्यावाचून मार्ग राहत नाही व कण मागे राहतात. चांगल्या स्थितीतील गाळणी कणांचे वस्तुमान ८५ टक्क्यांहून अधिक कमी करते.

अडविलेल्या काजळीचे पुढे काय करायचे, हा गाळणीपुढील मूळ प्रश्न आहे. ती साचत गेली तर धुराचा मार्ग कोंडतो, इंजिनावर मागील दाब वाढतो आणि इंधनाचा खप वाढून शेवटी वाहन बंद पडते. म्हणून काजळी गाळणीतच जाळावी लागते. या क्रियेस पुनर्जनन म्हणतात. केवळ ऑक्सिजनच्या साहाय्याने काजळी पेटण्यास सुमारे ५५० ते ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते, आणि शहरात चालणाऱ्या वाहनाचा धूर क्वचितच इतका तापतो. यावर उपाय म्हणून गाळणीच्या अलीकडे उत्प्रेरक ठेवून धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइडमध्ये रूपांतर केले जाते. नायट्रोजन डायऑक्साइड सुमारे २५० अंशांपासूनच काजळीचे ज्वलन घडवू शकतो. हे झाले निष्क्रिय पुनर्जनन. ज्या वाहनांचा धूर तेवढाही तापत नाही, त्यांना इंधनाचा बर्नर किंवा विजेचा तापक जोडून सक्रिय पुनर्जनन करावे लागते.

यामुळे रेट्रोफिटची पहिली पायरी उपकरण खरेदी करणे ही नसून तापमान मोजणे ही आहे. वाहनाच्या धूरनळीत नोंदयंत्र बसवून नेहमीच्या मार्गावरील तापमानाची काही दिवस नोंद घेतली जाते. महामार्गावरचा ट्रक आणि घरोघरी थांबत जाणारी कचरागाडी यांचे इंजिन एकाच बनावटीचे असले तरी त्यांना एकच गाळणी चालेल असे नाही. इंजिनाची प्रकृतीही आधी तपासावी लागते. वंगणतेल जाळणाऱ्या झिजलेल्या इंजिनावर गाळणी बसविल्यास ती अल्पावधीत तुंबते; गाळणी ही दुरुस्तीला पर्याय नाही. काजळी जळून गेली तरी तेलातील धातूंची राख उरते व ती काढण्यासाठी गाळणी ठराविक काळाने उतरवून स्वच्छ करावी लागते. अनेक ताफ्यांच्या अंदाजपत्रकात खरेदीची तरतूद असते, या स्वच्छतेची नसते.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी निवडक उत्प्रेरकी क्षपण ही पद्धत वापरतात. धुरात युरियाचे ३२.५ टक्के द्रावण फवारले जाते, त्यापासून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर अमोनिया व नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्या अभिक्रियेतून निरुपद्रवी नायट्रोजन व पाणी उरते. ही अभिक्रियाही सुमारे २०० अंशांखाली नीट होत नाही.

इंधनातील गंधक

गंधक उत्प्रेरकाला निकामी करते, शिवाय त्याच्या ऑक्सिडेशनमधून सल्फेटचे नवे कण तयार होतात. उत्प्रेरकावर चालणाऱ्या गाळणीसाठी डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत ५० भागांहून अधिक नसावे असे सर्वसाधारणपणे मानले जाते. म्हणजेच रेट्रोफिटचे यश गॅरेजइतकेच तेलशुद्धीकरण कारखान्यावरही अवलंबून असते. भारतात भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये ही मर्यादा ३५० भाग होती. भारत स्टेज ४ मध्ये ती ५० आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज ६ मध्ये १० भागांवर आली.

विविध देशांतील अनुभव

टोकियोचे तत्कालीन राज्यपाल शिंतारो इशिहारा यांनी १९९९ मध्ये डिझेलविरोधी मोहीम सुरू केली. काजळी भरलेली प्लॅस्टिकची बाटली पत्रकारांपुढे हलवून दाखविणारे त्यांचे चित्र जपानमध्ये गाजले. १ ऑक्टोबर २००३ पासून टोकियो आणि शेजारच्या सायतामा, चिबा व कानागावा या प्रांतांत कणांचे मानक न पाळणाऱ्या जुन्या डिझेल ट्रक व बसना, मान्यताप्राप्त उपकरण बसविल्याखेरीज, धावण्यास मनाई झाली. मात्र २००४ मध्ये मित्सुई कंपनीने आपल्या उपकंपनीच्या गाळण्यांना मान्यता मिळविताना चाचणीची खोटी आकडेवारी सादर झाल्याचे मान्य केले. तोवर अशा हजारो गाळण्या वाहनांवर बसल्या होत्या आणि त्यांसाठी सरकारी अनुदानही दिले गेले होते.

कॅलिफोर्नियाच्या वायुसंसाधन मंडळाने १९९८ मध्ये डिझेलच्या कणांना विषारी वायुप्रदूषक घोषित केले व २००८ मध्ये ट्रक आणि बससाठीचा नियम संमत केला. त्यानुसार जड वाहनांना टप्प्याटप्प्याने गाळण्या बसविणे किंवा इंजिन बदलणे भाग पडले. एका ट्रकमागे हजारो डॉलरचा खर्च येत असल्याने एकदोन ट्रकांवर उपजीविका करणाऱ्या मालकांचा या नियमास तीव्र विरोध होता.

लंडनचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. तेथील बसताफ्यावर २००५ च्या अखेरीपर्यंत गाळण्या बसल्या आणि काजळी घटली. पण काजळी जाळण्यासाठी निर्माण केलेल्या नायट्रोजन डायऑक्साइडचा शिल्लक अंश रस्त्यावर बाहेर पडू लागला. रस्त्यालगतच्या हवेत तो वाढण्यामागील कारणांत याचाही समावेश होता. पुढे हजारो बसवर युरिया-आधारित प्रणाली बसवावी लागली. ब्रिटनमधील अन्य शहरांतही हाच मार्ग अनुसरण्यात आला. तथापि रस्त्यावरील मोजमापांत अशा अनेक बस अपेक्षित कामगिरी करीत नसल्याचे आढळले आणि २०२३ मध्ये सरकारने बस रेट्रोफिटसाठीचे नवे अर्थसाहाय्य थांबविले. प्रयोगशाळेतील प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष रस्ता यांतील हे अंतर रेट्रोफिटवरील सर्वांत गंभीर आक्षेप मानले जाते.

भारतातील स्थिती

भारतात गाळणीपेक्षा इंधनबदलावर अधिक भर राहिला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी दिलेल्या आदेशानंतर दिल्लीचा बसताफा नैसर्गिक वायूकडे वळला. मुंबईत धुराने त्रस्त नागरिकांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जुन्या डिझेल टॅक्सी स्वच्छ इंधनावर नेण्याचे आदेश दिले. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींचे त्यानंतरचे रूपांतर हा एका अर्थाने राज्यातील सर्वांत मोठ्या प्रमाणावर दिसलेला रेट्रोफिटच होता. भारत स्टेज ६ च्या नव्या डिझेल वाहनांवर कण-गाळणी कारखान्यातच बसून येते. जुन्या वाहनांवर ती बसविण्याचे प्रमाण मात्र अल्प राहिले. अधिक गंधकाचे इंधन, भेसळ, अतिभार आणि देखभालीतील हेळसांड ही त्याची प्रमुख कारणे होत.

तपासणीची पद्धत हाही एक अडसर आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल वाहनाच्या धुराची अपारदर्शकता मोजली जाते. प्रकाशशोषण गुणांकाची मर्यादा भारत स्टेज ४ च्या वाहनांसाठी प्रतिमीटर १.६२ आणि त्याआधीच्या वाहनांसाठी २.४५ आहे. तडा गेलेली, किंवा मालकाने काढून टाकलेली गाळणीही या कसोटीत सुटू शकते, कारण आधुनिक इंजिनाचा धूर डोळ्यांना व यंत्राला पुरेसा काळा दिसत नाही. याच कारणास्तव बेल्जियमने २०२२ मध्ये आणि नेदरलँड्स व जर्मनीने २०२३ मध्ये नियतकालिक तपासणीत कणांची संख्या मोजण्यास प्रारंभ केला.