विळी, सुरी आणि घरची धार

कामगार संघटनेचा माणूस व्यासपीठावर उभा राहिला, की तो महागाईभत्ता, बोनस किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज आम्ही बोलणार आहोत ते विळी आणि सुरी यांवर. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या हत्याराशी आपल्या घराचा दिवसातून दोन वेळा संबंध येतो, त्याचा विचार आपण वर्षातून किती वेळा करतो, हे ज्याने त्याने मनाशी पडताळून पाहावे.

आम्ही पुस्तकी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली आणि एका कारखान्याच्या टूलरूममध्ये लागलो. लेथची टुले आणि ड्रिले यांना धार लावणे हे आमचे काम. पुढे संघटनेच्या कामात पडलो. बोथट हत्यारे हाती देऊन पुऱ्या उत्पादनाची अपेक्षा करणाऱ्या व्यवस्थापनाविरुद्ध एकदा आम्ही गेटवर तासभर भाषण केले. त्याच संध्याकाळी घरी आलो, तो पत्नीच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. लाल भोपळा चिरताना फोड विळीवरून निसटली होती. विळीला धार नाही, हे ती सहा महिने सांगत होती. "तुम्हांला वेळ कधी झाला?" एवढेच ती म्हणाली. धार लावण्याची मजुरी घेऊन ज्याने संसार चालवला, त्याच्याच घरात ही अवस्था! आम्हांला उत्तर सुचले नाही. आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उशिराने दिलेले उत्तर समजावे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "घरात लहान मुले आहेत, फार धार नको," असे आपण सर्रास ऐकतो. मुलांच्या हाती लागू नये म्हणून हत्यार उंचावर ठेवणे योग्यच; पण बोथट ठेवणे हा त्यावर उपाय नव्हे. कापण्याचे काम दाबाने होते, आणि दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्र. धारेची कड जितकी बारीक, तितका थोड्या जोरात अधिक दाब. कड झिजून गोल झाली, की तेच काम हाताच्या बळावर रेटावे लागते. टोमॅटोच्या सालीवर सुरी घसरते, भोपळ्यात अडकून एकदम सुटते, आणि जोर लावलेला हात आवरता येत नाही. धारदार सुरीने जखम होतच नाही असे नाही. परंतु तिला जोर लागत नसल्याने हात ताब्यात राहतो.

बोथट धारेने भाजीचेही नुकसान होते. कांद्याच्या पेशी फुटल्या, की त्यांतील द्रव्ये एकत्र येऊन डोळ्यांना झोंबणारा वायू तयार होतो. धारदार पाते पेशी चिरते, बोथट पाते त्या चिरडते. म्हणून डोळ्यांना पाणी अधिक. कोथिंबीर चिरल्यावर लगेच काळी पडते आणि पाटावर हिरवे पाणी सुटते, तेव्हा दोष कोथिंबिरीचा नसून धारेचा असतो.

आता हत्याराच्या निवडीकडे वळू. पोलाद म्हणजे लोखंडात थोडासा कार्बन. विळ्या-कोयत्यांच्या साध्या पोलादात तो साधारणपणे अर्धा ते एक टक्का असतो. परंतु केवळ कार्बनने धार टिकत नाही; पोलादाला पाणी द्यावे लागते. लोहार पाते लालबुंद तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, तेव्हा ते कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. हे दोन्ही साधले, तर धार टिकते. पाणी कमी पडले तर धार वळते, जास्त झाले तर तिचे कपचे उडतात.

साध्या पोलादाच्या विळीला धार लवकर लागते आणि छान लागते. पण ती गंजते, आणि चिंच, लिंबू, कैरी यांनी काळी पडते. यावरचा उपाय ज्याच्या नावाशी जोडला जातो, त्याची हकीकत आमच्यासारख्याला विशेष जवळची वाटते. इंग्लंडमधील शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे जुने गाव. तेथे पोलाद वितळवणाऱ्या एका कामगाराच्या घरी 1871 साली हॅरी ब्रिअर्ली जन्मला. बाराव्या वर्षी शाळा सोडून तो कारखान्यात लागला आणि रसायनशास्त्र बहुतांशी स्वतःच्या कष्टाने शिकला. बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून प्रयोग करताना 1913 साली त्याने क्रोमियम घातलेले एक पोलाद तयार केले. त्यावर व्हिनेगरचा किंवा लिंबाच्या रसाचा डाग पडेना. सुऱ्या करणाऱ्यांनी मात्र प्रथम त्याची थट्टाच केली, कारण त्या नव्या धातूला पाणी कसे द्यायचे हे त्यांना साधले नव्हते आणि त्यांच्या सुऱ्या कापत नव्हत्या. पुढे ते साधले, आणि आज आपल्या ओट्यावरची बहुतेक सुरी स्टेनलेस असते.

यातून गिऱ्हाइकाने एक धडा घ्यावा. स्टेनलेस म्हटले की सारे एक नव्हे. ताटे-वाट्या ज्या निकेलयुक्त स्टीलच्या करतात, त्याला तापवून बुडवले तरी कठीणपणा येत नाही. त्याच्या सुरीची धार टिकणार नाही. दुकानात जाताना एक लोहचुंबक खिशात ठेवावे. ते पात्याला घट्ट चिकटले नाही, तर ती सुरी परत ठेवावी. चिकटले म्हणजे सुरी उत्तम असे सिद्ध होत नाही; पण वाईट माल बाजूला पडतो. मग धारेकडून पाहावे: पाते पाठीपासून धारेपर्यंत निमुळते होत गेलेले हवे. जाड पात्याला केवळ टोकाशी धार काढली असेल, तर गाजर चिरले न जाता तडकते. पात्याचे शेपूट मुठीत शेवटपर्यंत गेलेले असावे आणि रिव्हेटा हलू नयेत. सुरी हातात धरून पाहावी. पकडणाऱ्याच्या हाताला जी बसते तीच चांगली. घरात एक वीतभर पात्याची आणि एक लहान, एवढ्या दोन सुऱ्या पुरतात. डझनाच्या संचाचा मोह टाळावा.

आणि विळी? तिला मागासलेली समजणाऱ्यांशी आमचे मत जुळत नाही. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलती. पाट पायाने दाबलेला, म्हणून दोन्ही हात मोकळे. पालेभाजीची जुडी किंवा मोठा कोहळा विळीवर जसा चिरला जातो, तसा सुरीने जात नाही. शिवाय टोकाला नारळाची खोवणी असतेच. बंगालमध्येही अशीच बोटी आहे. मात्र गुडघे दुखणाऱ्या बाईला खाली बसायला लावणे योग्य नव्हे. जिचे हात काम करतात, तिनेच हत्यार निवडावे. विळी घेताना पात्याचा पाटाशी असलेला सांधा हलवून पाहावा; तो डुगडुगत असेल तर धार कितीही चांगली असो, विळी घेऊ नये.

आता धार कशी लावावी. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दगड मिळतो. त्याची एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ. दगड ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे सरकत नाही, आणि वर पाणी शिंपडत राहावे. सुरी दगडावर किती तिरपी धरायची, हा खरा प्रश्न. चौकोनी कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की 45 अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस अंश होतात. त्याहून किंचित कमी, म्हणजे 15 ते 20 अंशांचा कोन घरच्या सुरीला ठीक. पाते 4 सेंटिमीटर रुंद असेल, तर त्याची पाठ दगडापासून साधारण सव्वा सेंटिमीटर उचलावी. कोन बरोबर आहे की नाही हे पाहायचे असेल, तर धारेच्या कडेला मार्करची शाई लावून एकदा घासावे. शाई अगदी कडेपर्यंत गेली तर बरोबर; कडेशी राहिली तर पाठ थोडी उचलावी.

हलक्या हाताने, मुठीपासून टोकापर्यंत, एकच बाजू घासत राहावे. काही वेळाने पलीकडच्या बाजूला बारीक कड उठते. कारखान्यात तिला 'बर' म्हणतात. अंगठा पाठीकडून धारेकडे, पात्याला आडवा, हलकेच नेला तर ती लागते. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. बर टोकापर्यंत उठली, की ती बाजू झाली. मग दुसरी बाजू तशीच. नंतर मऊ दगडावर एकदा ही बाजू, एकदा ती, असे करत बर काढून टाकावी. बर न उठता दगड सोडला, तर धार लागलीच नाही; बर तशीच ठेवली, तर ती दोन दिवसांत मोडते आणि सुरी पुन्हा बोथट. दगड नसेल, तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची झिलई नसलेली खरखरीत कड तात्पुरते काम भागवते.

विळीचे पाते हलत नाही, म्हणून दगड पात्याकडे न्यायचा. पाट पायाखाली घट्ट धरावा, अरुंद दगड घ्यावा, बोटे दगडाच्या मागच्या अंगाला ठेवावीत आणि पात्याच्या वळणाबरोबर लहान लहान हात मारावेत. येथे घाई उपयोगाची नाही.

ज्यांना हे जमणार नाही, त्यांच्यासाठी सायकलवर चाक बसवून फिरणारा धारवाला आहे. शिकलगार हा शब्द झिलई या अर्थाच्या अरबी शब्दापासून आला. शस्त्रे घासून लखलखीत करणाऱ्यांचे हे जुने काम. कोरड्या चाकावर जोर दिला तर पाते तापते; त्यावर निळा रंग उमटला, तर पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. म्हणून त्याला हलक्या हाताने, मधूनमधून पाते पाण्यात बुडवून काम करायला सांगावे. आणि असे सांगायचे, तर त्याच्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. सावकाश केलेल्या कामाला वेळ लागतो आणि वेळेची मजुरी असते, हे आम्ही गेटवर सांगतो. दारातही तेच खरे.

लावलेली धार टिकवणेही सोपे आहे. चिरायला लाकडी पाट घ्यावा. ओट्याचा ग्रॅनाइट आणि काचेची फळी धारेचे शत्रू. सुरीने डबे उघडू नयेत, नारळ फोडू नये. काम होताच धुऊन, पुसून वेगळी ठेवावी. चमच्यांच्या गर्दीत टाकू नये.

1948 सालच्या कारखाने कायद्याच्या 21व्या कलमाने फिरत्या यंत्राला कुंपण घालण्याची जबाबदारी नक्की केली. त्यासाठी कित्येक बोटे आधी तुटावी लागली. स्वयंपाकघरात अशी जबाबदारी कोणीच नक्की केलेली नाही. म्हणून वापरणारी बाई सांगत राहते आणि बाकीचे जेवत राहतात. खंडेनवमीला आपण घरोघर हत्यारांची पूजा करतो, विळीलाही हळदकुंकू वाहतो. त्या दिवशी तिला धार आहे की नाही, हे मात्र पाहत नाही.

आमच्या घरी आता महिन्याचा पहिला रविवार ठरलेला आहे. सकाळचा चहा झाला, की दगड आम्ही काढतो, आणि धार लागली की नाही हे पत्नी टोमॅटो चिरून ठरवते. नापास झालो, तर पुन्हा दगडाशी बसावे लागते. या रविवारी आपणही बसून पाहावे, एवढीच विनंती.