एकाच नावाचे दोन फोटो आणि मीडिया लायब्ररीतला घोळ

गावच्या जत्रेचे फोटो मंडळाच्या वेबसाइटवर चढवायचे आहेत. काही तुमच्या व्हॉट्सअॅपवर आलेले, काही चुलतभावाच्या. दोन्हीकडे एका फाइलचं नाव अगदी सारखं : आयएमजी-२०२४०४२३-डब्ल्यूए०००७. म्हणजे फोटो एकच, एक उडवून टाकू, असं वाटलं ना? जरा थांबा.

अँड्रॉइडवरचं व्हॉट्सअॅप नाव देताना फक्त तारीख आणि अनुक्रमांक घालतं, आणि हा क्रमांक प्रत्येक फोन आपापला मोजतो. तुमच्याकडचा ०००७ पालखीचा असेल, भावाकडचा कुस्तीचा.

मराठीतल्या बऱ्याच साइट वर्डप्रेसवर चालतात. तिथे त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये तेच नाव आधीच असेल, तर जुनी फाइल पुसली जात नाही. नव्या नावापुढे -१ लागतं, मग -२. याचा अर्थ एवढाच की नावं जुळली. फोटो जुळले, असा नाही. उलट तोच फोटो पुढच्या महिन्यात पुन्हा चढवला तर फोल्डर नवा, त्यामुळे -१ लागतच नाही आणि खरी दुबार प्रत बिनबोभाट आत बसते.

सर्व्हरवर डोकावलात तर आणखी गोंधळ. एकाच फोटोच्या १५०×१५० वगैरे मापांच्या लहान आवृत्त्या तिथे असतात. २०१९ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची आटोपशीर प्रतही बनते, तिच्या नावात 'स्केल्ड' असतं. या दुबार फाइली नव्हेत. त्या उडवल्या की लेखांमधले फोटो गायब होतात.

आता खास आपल्या मराठीची गंमत. 'दऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एक कीबोर्ड नुक्ता असलेला ऱ वापरतो. दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये 'झीरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर फरक शून्य, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र हे दोन वेगळे शब्द. तुम्ही एका पद्धतीने नाव दिलंत आणि सहकाऱ्याने दुसऱ्या पद्धतीने शोधलं, तर फोटो सापडेलच असं नाही. शिवाय देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, आणि लिंक कॉपी केली की त्याची टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. म्हणून भाषेचा कितीही अभिमान असला तरी फाइलचं नाव रोमन लिपीत द्यावं, आणि सगळं लहान अक्षरांत. लिनक्स सर्व्हरला मोठं आणि लहान अक्षर वेगळं वाटतं. मराठी हवं तिथे शीर्षक आणि फोटोओळ आहेच. लायब्ररीत शीर्षक बदललं म्हणून फाइलचं नाव बदलत नाही, हेही ध्यानात असू द्या.

मग दुबार प्रत ओळखायची कशी? फाइलच्या आतल्या मजकुरावरून 'हॅश' काढतात, म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसाच म्हणा. ठसे जुळले तर फाइल तीच, नाव काहीही असो. पण फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरून आला की तो दाबून लहान केला जातो, आणि ठसा बदलतो. तिथे दोन्ही फोटो शेजारी उघडून डोळ्यांनी बघणं आलंच.

आणि हे बघितल्याशिवाय डिलीट दाबू नका. वर्डप्रेसमध्ये लेख आधी कचरापेटीत जातो. फोटो मात्र, वेगळी सोय करून ठेवली नसेल, तर थेट कायमचा जातो, त्याच्या सगळ्या मापांसकट.