मोहफुले

मोह (सं. मधूक, गुडपुष्प, हिं. महुआ, गु. महुडो, तेलुगू इप्प, लॅ. मधुका लाँगिफोलिया, प्रकार लॅटिफोलिया, कुल–सॅपोटेसी) ह्या वृक्षाच्या गळून पडणाऱ्या मांसल व गोड पुष्पमुकुटांना मोहफुले म्हणतात. मध्य भारतातील वनवासी समाजांत अन्न, गुरांचा चारा, रोख उत्पन्न आणि मद्य अशा चारही प्रकारे त्यांचा उपयोग होतो. मराठवाड्यात त्यांचे संकलन मुख्यतः नांदेड जिल्ह्याच्या किनवट व माहूर ह्या तालुक्यांत होते. पैनगंगेच्या काठचा हा डोंगराळ प्रदेश पानझडी वनांचा असून तेथे गोंड, कोलाम, परधान, आंध इ. जमातींची वस्ती आहे. लातूर जिल्ह्याचे पठार उघडे व काळ्या जमिनीचे असल्याने तेथे वनक्षेत्र अत्यल्प आहे आणि मोह विरळाच आढळतो.

मद्यासाठी वनस्पती जोपासण्याची प्रथा अनेक देशांत आहे. यूरोपात बिअरसाठी हॉप (लॅ. ह्युम्युलस ल्युप्युलस; कुल–कॅनाबिनेसी) ही वेल घरोघरी लावीत. तिच्या मादी फुलोऱ्यातील ल्युप्युलीन ह्या पिवळ्या रेझीनयुक्त द्रव्यामुळे बिअरला कडवटपणा व सुगंध येतो आणि ती टिकते. बिअरमधील शर्करा मात्र सातूच्या माल्टपासून मिळते. हॉपला वाढीच्या काळात दीर्घ दिवस व हिवाळ्यात कडक थंडीची विश्रांती लागते. त्यामुळे तिची लागवड प्रामुख्याने ३५° ते ५५° अक्षांशांच्या पट्ट्यात होते. भारतात हिमाचल प्रदेशातील लाहौल खोऱ्यात ती करण्यात आली आहे. नांदेड व लातूर येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवसही सु. सव्वातेरा तासांचाच असतो व हिवाळा सौम्य असतो. म्हणून ही वेल तेथे नीट फुलत नाही. ह्या प्रदेशात मद्याशी निगडित असे वृक्ष दोन : डोंगरात मोह व तेलंगणाच्या सीमेकडील तालुक्यांत शिंदी. शिंदीच्या खोडाला खाच पाडून रस काढावा लागतो व खाचांची संख्या वाढली, की झाड दुबळे होते. मोहाच्या बाबतीत झाडाला हातही न लावता केवळ गळालेली फुले वेचली जातात.

वनस्पतिवर्णन : मोह हा १५ ते २० मी. उंचीचा, पसरट माथ्याचा पानझडी वृक्ष आहे. फेब्रुवारी–एप्रिलमध्ये त्याची पाने गळतात आणि मार्च–एप्रिलमध्ये निष्पर्ण फांद्यांच्या टोकांना फुलांचे झुबके येतात. संवर्त तांबूस लवदार असून पुष्पमुकुट मलईसारखा पांढरट, जाड व रसाळ असतो. फुले रात्री उमलतात आणि उत्तररात्रीपासून सकाळपर्यंत केवळ पुष्पमुकुट व त्याला चिकटलेले केसर गळून पडतात. किंजपुट मात्र देठावरच राहतो व त्याचे पुढे फळ बनते. म्हणूनच फुले वेचल्याने फळांचे किंवा बियांचे उत्पन्न घटत नाही. एकाच वृक्षापासून उन्हाळ्यात फुले व पावसाळ्याच्या आरंभी तेलबिया अशी दोन पिके मिळतात, ती ह्याच रचनेमुळे.

लागवड : मोहाचे बी काही आठवड्यांतच उगवणशक्ती गमावते; त्यामुळे फळे पिकताच, म्हणजे जून–जुलैमध्ये, ताजे बी जागेवरच किंवा लांब पिशव्यांत पेरणे श्रेयस्कर ठरते. सोटमूळ खोल जात असल्याने मोठी रोपे उपटून लावल्यास मरतात. रोपांना आरंभीची काही वर्षे गुरांपासून व वणव्यापासून जपावे लागते. मुरमाड, खडकाळ जमीन व कमी पाऊस हा वृक्ष सहन करतो; पाणथळ जमीन त्याला मानवत नाही. बी पेरल्यापासून साधारणतः दहा वर्षांच्या आसपास फुले येऊ लागतात व पुढे कित्येक दशके येत राहतात. लावणाऱ्यापेक्षा त्याच्या मुलानातवंडांना अधिक लाभ देणारा हा वृक्ष असल्याने तो मुद्दाम लावण्याकडे कल कमी असतो. शेताच्या बांधावर आपोआप उगवलेली झाडे राखणे, हीच त्याच्या जोपासनेची रूढ पद्धत होय. अशी झाडे वारसाहक्काने कुटुंबात चालत येतात.

संकलन व साठवण : हंगाम सु. तीन ते चार आठवड्यांचा असतो. पहाटेपासून स्त्रिया व मुले टोपल्या घेऊन झाडाखाली फुले वेचतात. ऊन चढल्यावर फुले सुकून मातीला चिकटतात आणि गुरे व वन्य प्राणी ती खातात. म्हणून सकाळचे पहिले काही तास महत्त्वाचे असतात. ढगाळ हवा, अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाल्यास बहर वाया जातो. वेचलेली फुले सारवलेल्या अंगणात तीन ते पाच दिवस वाळवितात. वाळताना त्यांचा रंग तांबूस तपकिरी होतो. मग ती हलकेच झोडपून केसर वेगळे करतात व फुले कणगीत भरतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग शर्करेचा असल्याने ती हवेतील ओल शोषून घेतात. नीट वाळली नसल्यास पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते.

वेचणी सुलभ व्हावी म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची प्रथा आहे. ही आग पसरून उन्हाळ्यात वणवे लागतात आणि मोहाचीच कोवळी रोपे जळतात. परिणामी जुने वृक्ष उभे असतानाही त्यांची जागा घेणारी नवी पिढी तयार होत नाही. पाला झाडून बाजूस करणे किंवा झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्या वर झेलणे हे त्यावरील उपाय होत. जाळीमुळे फुलांना मातीही लागत नाही व खाण्याच्या फुलांस चांगला भाव मिळू शकतो.

उपयोग : वाळलेली फुले उकडून किंवा भाजून, तीळ वा ज्वारीच्या पिठात मिसळून खातात, त्यांचे लाडूही करतात. टंचाईच्या काळात त्यांनी अनेक कुटुंबांना आधार दिला आहे. गोंडांमध्ये हंगामातील नवी फुले खाण्यापूर्वी देवाला अर्पण करण्याची प्रथा असून जन्म, विवाह व मृत्यू ह्या प्रसंगांच्या विधींत मोहाच्या मद्याला स्थान आहे. बियांपासून निघणारे तेल दिव्यासाठी, खाण्यासाठी व साबणासाठी वापरतात. पेंडीत सॅपोनीन असल्याने ती गुरांना खाऊ घालण्यास योग्य नसते. खत म्हणून ती उपयोगी पडते.

मद्यनिर्मिती : मोहापासून मद्य करण्याची कला प्राचीन आहे. चरकसंहितेत पुष्पासवांचे दहा प्रकार सांगितले असून त्यांत मधूक व धातकी (धायटी) ह्यांचा समावेश आहे. आयुर्वेदीय आसव-अरिष्टांत किण्वन (आंबण्याची क्रिया) सुरू व्हावे म्हणून धायटीची फुले घालतात. मोहफुलांत शर्करा मुळातच असल्याने धान्याप्रमाणे माल्ट करण्याची गरज नसते. फुले मातीच्या भांड्यात पाण्यात भिजत घातली, की त्यांवर नैसर्गिकपणे असलेल्या यीस्टमुळे किण्वन होऊ लागते व उष्णतामानानुसार काही दिवसांत पुरे होते. बुडबुडे थांबणे ही त्याची खूण मानतात. हा आंबवलेला द्रव भट्टीवर तापवून त्याची वाफ पोकळ बांबूतून थंड भांड्यात नेतात व तेथे तिचे मद्य बनते. परंपरागत मोहाचे मद्य व गावठी हातभट्टीची दारू ह्यांत भेद केला पाहिजे. हातभट्टीत काळा गूळ व नवसागर वापरतात, तर विषारी दारूच्या दुर्घटना मुख्यतः मेथिल अल्कोहॉलाच्या भेसळीमुळे घडतात. तथापि अतिसेवनामुळे होणारी आरोग्याची व संसाराची हानी मोहाच्या मद्यानेही टळत नाही.

कायदा व अर्थकारण : मोहफुलांचा इतिहास बव्हंशी आबकारीचा इतिहास आहे. मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी अधिनियमानंतर १८९२ मध्ये मोहफुलांसाठी स्वतंत्र अधिनियम करून ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत ती बाळगण्यावर निर्बंध घालण्यात आले. घरगुती भट्ट्या बंद पाडून परवानाधारक दुकानांचा महसूल वाढविणे, हा त्यामागील एक हेतू होता. निजामाच्या हैदराबाद संस्थानातही आबकारी हे महसुलाचे एक प्रमुख साधन होते. किनवट तालुका तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला. त्यानंतर १९५९ मध्ये मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ मराठवाड्यास लागू झाला आणि मोहफुलांची साठवण व वाहतूक नियंत्रणाखाली आली. पुढे १९७३ च्या देशी मद्य नियमांनुसार उसाच्या मळीपासूनच्या मद्यार्काची देशी दारू परवान्याने विकली जाऊ लागली. मोहफुले मात्र निर्बंधातच राहिली. अशा रीतीने ज्या फुलांचा मोठा भाग अन्न व चारा म्हणून खपतो, ती कायद्याने प्रथमतः मद्याचा कच्चा माल ठरविली.

निर्बंधांचा भार वेचणाऱ्या कुटुंबांवर पडला. फुले घरी ठेवणे जोखमीचे असल्याने ती हंगामातच व्यापाऱ्यास स्वस्तात विकावी लागत व पावसाळ्यात गरज पडल्यास चढ्या दराने परत घ्यावी लागत. पंचायत उपबंध (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ ह्याने गौण वनोपजांची मालकी ग्रामसभांकडे सोपविण्याचे तत्त्व मान्य केले, तर वनहक्क अधिनियम, २००६ ने त्यांचे संकलन व विक्री करण्याचा वनवासींचा हक्क मान्य केला. केंद्र शासनाच्या किमान आधारभूत किंमत योजनेत २०२० मध्ये वाळलेल्या मोहफुलांचा दर किलोस ३० रु. करण्यात आला. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलनावरील, साठवणीवरील व वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले. फुले बाळगणे व मद्य गाळणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यामुळे मान्य झाले; मद्यनिर्मितीस मात्र परवाना आवश्यकच आहे.

गोव्यातील काजूच्या फेणीस २००९ मध्ये भौगोलिक चिन्हांकन मिळाले व मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मोहाच्या मद्यास वारसा मद्याचा दर्जा देणारे धोरण स्वीकारले. अशा मान्यतेचा लाभ वेचणाऱ्यांपर्यंत पोहोचणे, हे गावपातळीवरील साठवण व थेट विक्री ह्यांवर अवलंबून असते. आणि फुलांचा पुरवठा टिकणे, हे बांधावरच्या व वनातल्या कोवळ्या रोपांना आगीपासून वाचविण्यावर.