धीर कशाचा आणि घाई कशाची ?

समाजसुधारणेची गोष्ट निघाली, कीं आमच्या पेठांतील समंजस म्हणविणारे गृहस्थ एक उत्तर नेहमीं तयार ठेवीत असतात. घाई करूं नये. काळ आपलें काम करतो. फळ मिळावयाचें तेव्हां मिळेल. या उत्तरास गीतेचा आधार देण्याचाही प्रघात आहे. कर्म तेवढें आपल्या हातीं, फळ आपल्या हातीं नाहीं, असें भगवंतांनींच सांगितलें असतां एवढी धांवपळ कशाला, असा त्यांचा कोटिक्रम असतो. तो ऐकावयास गोड आहे, आणि बसल्या जागीं पाळतां येतो हा त्याचा आणखी एक गुण. परंतु ज्या ग्रंथाच्या नांवावर हा माल खपविला जातो, त्या ग्रंथांत तो मुळींच नाहीं.

गीतेच्या अठराव्या अध्यायांत कर्त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांतील सात्त्विक कर्ता आसक्तिरहित असतो, अहंकाराची भाषा बोलत नाहीं, आणि कार्य सिद्धीस गेलें काय किंवा फसलें काय, त्याच्या मनास विकार होत नाहीं. येथपर्यंतचें वर्णन आमच्या धीरवादी मित्रांस मान्य होईल. पण त्याच श्लोकांत हा कर्ता धृति आणि उत्साह या दोन्ही गुणांनीं युक्त असतो असें म्हटलें आहे, तिकडे त्यांचें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. दोन श्लोक पुढें तामस कर्त्याचे दोष मोजले आहेत, त्यांतील शेवटचा दोष दीर्घसूत्रीपणा. आजचें काम उद्यांवर आणि उद्यांचें परवांवर टाकणाऱ्यास गीता निष्काम म्हणत नाहीं, तामस म्हणते. धृति फळासंबंधानें, उत्साह कृतीसंबंधानें, अशी ही वांटणी आहे. आम्ही ती उलटी करून ठेविली आहे.

पतंजलीच्या योगसूत्रांतही हेंच दिसतें. अभ्यास दीर्घ काळ, खंड न पडतां व आदरपूर्वक केला तरच दृढ होतो, असें पहिल्या पादांत सांगून सूत्रकार थोडें पुढें म्हणतात कीं, ज्यांचा संवेग तीव्र त्यांस सिद्धि समीप असते. वरवर पाहणारास हा विरोध वाटेल. व्यापाऱ्यास वाटूं नये. हुंडीची मुदत भरली, कीं त्या दिवशीं रक्कम मोजावीच लागते. तेथें दैवाचें नांव सांगून कोणी सुटत नाहीं. पण अशा वेळेवर भागविलेल्या हुंड्यांतून पेढीची पत उभी राहण्यास एक पिढी जाते, हेंही त्याच सावकारास ठाऊक असतें, आणि पहिल्या सालीं पत आली नाहीं म्हणून तो पेढीस कुलूप लावीत नाहीं.

हें तत्त्व आचरणांत कसें दिसतें तें पाहावयाचें असेल, तर धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र पाहावें. विधवांच्या पुनर्विवाहास कायद्याची परवानगी १८५६ मध्येंच मिळाली होती. पुढें ३७ वर्षांनीं, १८९३ मध्यें, फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकविणाऱ्या कर्व्यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला, तेव्हां मुरूड गांवानें त्यांच्यावर बहिष्कार घातला. समाज अजून तयार नाहीं, आणखी थोडा काळ लोटूं द्यावा, असा अर्थ त्यांनीं यांतून काढला नाहीं; त्याच सालीं त्यांनीं पुनर्विवाहास उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. पुढें केवळ विवाहानें प्रश्न सुटत नाहीं, विधवेस स्वतःच्या पायांवर उभें राहतां आलें पाहिजे, हें ध्यानीं येतांच १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढिला. १९०० मध्यें तो पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. तेथें आरंभीं एक झोपडी होती. कॉलेजांत शिकवावें, पायीं हिंगणें गांठावें, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तीच वाट धरावी, असा क्रम कित्येक वर्षें चालला. आश्रमास वाहून घेतलेले सेवक मिळावे म्हणून १९०८ मध्यें त्यांनीं जी संस्था उभी केली, तिचें नांव निष्काम कर्ममठ. जो शब्द आमच्याकडे निवांत बसण्याचें निमित्त होतो, तो त्यांनीं असा कामास जुंपला.

१९१६ मध्यें महिला विद्यापीठ निघालें, तेव्हां पहिल्या विद्यार्थिनी पांच होत्या. पांच विद्यार्थिनींचें विद्यापीठ ! त्याचा ताळेबंद पाहून कोणत्याही मुनिमानें तें वर्षअखेर बंद करण्याचा सल्ला दिला असता. १९२० मध्यें मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्यास १५ लाख रुपयांची देणगी दिली. कर्वे यांस भारतरत्न मिळालें तें १९५८ मध्यें, शंभरीस पोंचल्यावर. सर्वांस असें आयुष्य लाभत नाहीं. आगरकर १८८८ मध्यें ‘सुधारक’ काढून १८९५ मध्यें वारले. त्यांस चाळिशीही आली नव्हती. ते तर अज्ञेयवादी, पुढच्या जन्मीं फळ पदरीं पडेल हा दिलासाही त्यांस नव्हता. तरी लेखणी चाललीच.

आतां आजच्या एका गोष्टीकडे वळूं. १८९१ च्या कायद्यानें मुलीचें संमतिवय १० वरून १२ केलें. १९२९ च्या शारदा कायद्यानें तिच्या लग्नाचें वय १४ ठरविलें. १९७८ मध्यें तें १८ झालें. २००६ च्या कायद्यानें बालविवाह लावणारास व त्यास साह्य करणारास दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला. असें असूनही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील २० ते २४ वर्षांच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें २२ जणींचें लग्न १८ वर्षें पुरीं होण्यापूर्वीं झालेलें आढळलें. २०१५–१६ मध्यें हें प्रमाण शेंकडा सुमारें २६ होतें. धीरवादी म्हणतील, उतरतेंच आहे, आपोआप उतरेल. उतावळा सुधारक म्हणेल, शंभरांवर वर्षें गेलीं, कायद्यांनीं कांहीं होत नाहीं. दोघेही घरींच बसतात. ज्या पंधरा वर्षांच्या मुलीची तिथी येत्या आठवड्याची निघाली आहे, तिला या प्रमाणाशीं कांहींएक कर्तव्य नाहीं. तिचें लग्न या आठ दिवसांत थांबलें तरच थांबलें.

या कामीं व्यापारी वर्गास करण्यासारखें पुष्कळ आहे. पत्रिका छापणारा, कार्यालय भाड्यानें देणारा, मांडववाला, आचारी, कापडवाला, सोनार, इतक्यांच्या हातांतून लग्नाचा व्यवहार जातो, आणि यांतील प्रत्येकास तिथीची बातमी पोलिसांच्या आधीं असते. वधूवरांच्या जन्माचा दाखला पाहिल्यावांचून पत्रिका छापावयाची नाहीं व कार्यालय द्यावयाचें नाहीं, असा ठराव शहरोशहरच्या व्यापारी मंडळांनीं करावा. गिऱ्हाईक शेजारच्या छापखान्यांत जाईल ही भीति खरी आहे. म्हणूनच ठराव सर्वांनीं मिळून केला पाहिजे. शंका आल्यास १०९८ या क्रमांकावर कळवितां येतें. पहिल्या सालीं दोनच लग्नें थांबलीं, तरी ठराव फुकट गेला असें कोणीं समजूं नये. अक्षय्य तृतीयेसारख्या मुहूर्तावर सामुदायिक बालविवाह होतात हें २००६ च्या कायद्यानेंही गृहीत धरलें असून, ते रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांस दिला आहे. त्या मुहूर्ताच्या पत्रिका कित्येक दिवस आधीं छापखान्यांत येतात. ठराव त्यापूर्वीं व्हावा.